माळावरचा नगरशिल्पी : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

वास्तुशिल्पाच्या क्षेत्रात आपल्या देशात जे मानसन्मान दिले जातात, त्यांत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेतर्फे देण्यात येणारे बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक अग्रमानाचे समजले जाते. कोकणातील आचऱ्यास जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले वास्तुशिल्पज्ञ अच्युत कानविंदे यांस १९८५ मध्ये हे पदक लाभले, तेव्हा मराठी मनास सार्थ अभिमान वाटला. परंतु त्याच कलाशाळेतून कानविंद्यांच्या आधी अर्धशतकाहून अधिक काळ एक विद्यार्थी बाहेर पडला होता. वास्तुशास्त्राची कोणतीही पदवी त्याच्यापाशी नव्हती. त्याने प्रासाद बांधले नाहीत, घुमट उभारले नाहीत. त्याने निवडुंगाच्या माळावर एक संबंध गाव वसविले. अशा कामास पदक कोणी द्यावयाचे, हा प्रश्नच आहे. कारण पदके इमारतींस मिळतात, वस्तीस मिळत नाहीत. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र येथे या एका अंगाने सांगावयाचे आहे. कारखानदार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. नांगर आणि पंप यांच्या कीर्तीमागे त्यांचा नगरशिल्पी मात्र काहीसा झाकला गेला आहे.

ज्ञातीच्या स्मरणिकेत चरित्र आले की, हे आपल्यापैकी काय, असे वाचक प्रथम विचारतो. ही सवय आपल्या सर्वांच्याच अंगी मुरली आहे आणि प्रस्तुत लेखकही तीतून सुटलेला नाही. लक्ष्मणरावांपुरती ती बाजूस ठेवावी, अशी वाचकांस विनंती आहे. का, ते पुढे ओघाने येईल.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने चार बुके शिकून सरकारी नोकरीस लागावे, ही त्या काळच्या वडीलधाऱ्यांची रास्त अपेक्षा; मुलाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. ते चित्रे काढण्यात आणि हाताने काही ना काही घडविण्यात गुंतलेले असे. वडिलांचा विरोध असताही थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला, आणि १८८५ मध्ये हा तरुण मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. या दोघा भावांचे नाते पुढे जन्मभर असेच राहिले. धाकट्याने नवी वाट काढावी आणि थोरल्याने ती पक्की करावी.

दोन वर्षे झाली आणि दैवाने मोठी विचित्र थट्टा केली. काही रंगांतील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांस उमगतच नाही, असे ध्यानात आले. चित्रकारास रंग न कळणे म्हणजे गवयाने स्वरास मुकणेच होय. दुसरा एखादा निराश होऊन गावी परतला असता आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणे कारकून झाला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृती काढण्याची विद्या त्यांनी हाती घेतली. वस्तू वरून पाहता कशी दिसेल, समोरून कशी दिसेल, मधोमध कापली तर तिच्या पोटात काय आढळेल, हे सारे मापाने कागदावर उतरविण्याची ही विद्या. गवंड्याचा नकाशा काय आणि यंत्राचा आराखडा काय, त्यांची भाषा एकच. जी वस्तू अद्याप जगात नाही ती आधी कागदावर पाहावयाची, ही दृष्टी त्यांस येथे लाभली आणि पुढील सर्व कार्य तिच्याच बळावर झाले.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्राकृतीचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकविण्याचे तास संपले की ते तेथील कर्मशाळेत जात आणि यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात, कशी दुरुस्त होतात, हे स्वतः हात काळे करून शिकत. पांढरपेशा शिक्षकाने असे करणे त्या काळी फारसे शोभणारे मानले जात नसे. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांस डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परतले.

बेळगावच्या वर्षांचा वृत्तान्त अनेकांनी लिहिला आहे, तो येथे थोडक्यात सांगतो. दोघा बंधूंनी सायकली विकण्याचा व्यवसाय आधीच आरंभिला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडावयाच्या आणि रामूअण्णांनी त्या विकावयाच्या, लोकांस चालवावयासही शिकवावयाचे, असा तो क्रम होता. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यामागून लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले थोडे नांगर खपावयासही दीर्घकाळ लागला. तथापि लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास अडाणी म्हणून हिणविले नाही. त्याचे म्हणणे ऐकावे, दोष शोधावा आणि नांगर सुधारून पुन्हा त्याच्यापुढे ठेवावा, ही त्यांची रीत होती.

धंद्याचा जम बसू लागला तोच जागेचे संकट उभे राहिले. त्यांचा कारखाना ठळकवाडीस होता. शहराच्या वाढीसाठी ती जमीन नगरपालिकेस हवी झाली आणि कारखाना हलविणे भाग पडले. आज पाहणाऱ्यास ही इष्टापत्ती वाटेल. परंतु चाळिशी गाठलेला गृहस्थ, पदरी बायकामुले, भावाचे कुटुंबही त्याच धंद्यावर अवलंबून, भांडवल तुटपुंजे आणि यंत्रे उचलून न्यावयाची कोठे याचा पत्ता नाही, अशी ती वेळ होती. हा घाव वर्मी बसला असता तर किर्लोस्कर हे नाव आज केवळ नाटकाच्या इतिहासात उरले असते.

याच सुमारास औंध येथे बांधकामाचे एक काम लक्ष्मणरावांकडे आले होते आणि त्या निमित्ताने औंधाधिपतींशी त्यांचा निकट संबंध आला. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. पण राजा रसिक, विद्याव्यासंगी आणि उद्योगप्रिय. ते स्वतः चित्रकार होते. रंगांवर ज्याचा जीव त्या राजाची आणि ज्यास रंग पुरते दिसत नाहीत त्या कारागिराची ही गाठ पडली, याची प्रस्तुत लेखकास नेहमी मौज वाटते. लक्ष्मणरावांची अडचण कळताच बाळासाहेबांनी संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले आणि बिनव्याजी कर्जाऊ रक्कमही देऊ केली.

औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर कुंडल व आटपाडी हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात. राजधानीच्या आश्रयाने औंधास राहणे कोणासही सुखाचे वाटले असते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. औंध आगगाडीच्या वाटेपासून दूर. लोखंड आणि कोळसा आणावयाचा, नांगर देशभर धाडावयाचे, तर रूळ दाराशी हवेत. पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्थानक होते. त्याच्या शेजारचा बत्तीस एकरांचा माळ त्यांनी मागून घेतला. नगररचनेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने हाच निर्णय शिकविला असता.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. त्या दिवशी तेथे वाडी कसली, सावलीही नव्हती. निवडुंगाचे रान माजलेले, त्यात सापांचा सुळसुळाट आणि वर फाल्गुनातले ऊन. बेळगावाहून आलेली मंडळी तात्पुरत्या निवाऱ्यात उतरली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि बरोबरच्या अन्य स्त्रिया यांनी ते पहिले दिवस कसे काढले असतील याची कल्पना करणे कठीण नाही. पुरुषांस निदान उद्याचे स्वप्न होते. बायकांच्या वाट्यास आजची चूल, आजचे पाणी आणि सरपणातून निघणारा विंचू. त्यांच्या धैर्याचा उल्लेख उद्योगाच्या इतिहासात एखाद्याच वाक्याने होतो, आणि याही लेखात तो त्याहून फारसा मोठा झाला नाही, हे मान्य करतो.

निवडुंग तोडला गेला, माळ सपाट झाला आणि आखणी सुरू झाली. येथे जे. जे. मधील विद्यार्थी पुन्हा जागा झाला. कारखाना प्रथम आणि घरे जमतील तशी, हा त्या काळचा सर्वत्र प्रघात. मुंबईच्या गिरणगावात चाळी कशा उभ्या राहिल्या, हे लक्ष्मणरावांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या मनातील वाडीत कारखाना व वस्ती ही एकाच आराखड्याची दोन अंगे होती. कारखान्याच्या छपरांबरोबरच राहती घरे, सरळ रस्ते, झाडे आणि बागा यांची कामे चालू झाली. दैनंदिन कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. रस्ते झाडले गेले की नाहीत, पाणी सर्वांस पोचले की नाही, सांडपाणी कोठे तुंबले, कोणाच्या घरी आजारी कोण, हे सारे पाहणारे ते वाडीचे बिनपगारी नगराध्यक्षच होते. पुढे शाळा आली, पोस्ट आले, दवाखाना व वाचनालय आले. आखलेले गाव आणि नांदते गाव यांत अंतर असते. ते रामूअण्णांनी भरून काढले.

वाडीत जमलेली माणसे पाहिली की तिच्या शिल्पकाराची पारख अधिक कळते. शाळेच्या परीक्षेत अपयश पदरी घेऊन आलेले अनंतराव फळणीकर येथे अभियंते म्हणून नावारूपास आले. शंभोराव जांभेकर यांत्रिक कामात, मंगेशराव रेगे कचेरीत, के. के. कुलकर्णी व्यवहारात, असे एकेक साथी लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्र न पाहता माणूस पाहून निवडले. परंतु सर्वांत धाडसाची निवड रात्रीच्या पहाऱ्याची. एकाकी माळ, चोरदरोडेखोरांचे भय. अशा जागी लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले ते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही शिक्षा भोगून आलेले. ज्यांस गावे वेशीबाहेर ठेवीत आणि चोरी झाली की प्रथम धरीत, त्यांच्या हाती साऱ्या वस्तीची रखवाली आली, आणि ती त्यांनी इमानाने केली. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा नियम १९१० च्या सुमारास, सोवळ्याओवळ्याचा अंमल कडक असताना लक्ष्मणरावांनी घातला. कोणते घर कोणाच्या शेजारी असावे, पाणवठा एक की दोन, हे प्रश्नही अखेर नकाशाचेच असतात. आपल्या जुन्या गावांच्या रचनेत जात दिशेदिशेने आखलेली दिसते. या नकाशातून ती रेषा वगळली होती. ज्ञातीचा प्रश्न बाजूस ठेवण्याची विनंती आरंभी केली ती यासाठी. ज्याने स्वतः ते माप वापरले नाही, त्यास त्या मापाने मोजणे बरे दिसत नाही.

असे गाव वसविण्याची कल्पना जगात अगदी नवी होती, असे मुळीच नाही. इंग्लंडात साबणाच्या कारखानदारांनी पोर्ट सनलाइट आणि चॉकलेटच्या कारखानदारांनी बोर्नव्हिल ही टुमदार कामगारनगरे एकोणिसाव्या शतकातच उभारली होती. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी रुंद रस्त्यांच्या, सावलीच्या झाडांच्या आणि हिरवळीच्या नगरीची कल्पना १९०२ मध्ये आपल्या पुत्रास पत्राने कळविली होती, आणि किर्लोस्करवाडीच्या किंचित आधी साकची येथे तिचे काम सुरू झाले होते. परंतु टाटांपाशी अफाट भांडवल होते, परदेशी तज्ज्ञ होते. कुंडलच्या माळावर होते उसने पैसे, जुनी यंत्रे आणि एका ड्रॉइंगमास्तराची पट्टी-पेन्सिल. मोठेपणाची तुलना येथे करावयाची नाही. लहान मापाचे काम वेगळ्या कौशल्याने होते, इतकेच म्हणावयाचे आहे.

औंधाच्या राजानेही पुढे स्वतःचे शिल्प उभारलेच. यमाईच्या डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालय १९३८ मध्ये बांधून झाले आणि त्यातील चित्रे व मूर्ती पाहावयास आजही दुरून लोक येतात. कराडजवळच्या ओगलेवाडीस काचकारखाना उभा राहण्यासही याच दरबाराचे साह्य झाले. आणि १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची, कैद्यांस भिंतीविना ठेवणारी वसाहत याच संस्थानात निघाली. तिच्यावरून सुचलेला चित्रपट पुढे जगभर गाजला. स्वतंत्रपूरची कल्पना कोणास कशी सुचली हा वेगळा विषय आहे. पण शिक्षा झालेल्या माणसावर विश्वास टाकून पाहण्याचा प्रयोग त्याच संस्थानात एकोणतीस वर्षे आधी रात्रीच्या पहाऱ्यावर होऊन गेला होता, याचे स्मरण ठेवण्यास हरकत नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला, तेव्हा वाडीवर मोठा कठीण प्रसंग आला. तथापि परदेशी नांगरांची आवक थांबल्याने मागणीही वाढली, आणि जे लोक लोखंडाला भीत होते तेच आता नांगरासाठी पत्रे लिहू लागले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक वाडीतून सुरू केले. त्याचेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले आणि १९३० मध्ये स्त्री व त्यानंतर मनोहर ही त्याची भावंडे निघाली. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत विचारांची खळबळ उडविणारी ही मासिके एका माळावरच्या कारखान्याच्या आवारात छापली जात, ही गोष्ट आता सांगूनही पुष्कळांस खरी वाटत नाही. उसाचा चरक, पंप, लोखंडी सामान असे उत्पादन वाढत गेले. ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ मध्ये परतले आणि नव्या पिढीचा हात कामास लागला.

पुढे हा सारा परिसर स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत सापडला. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक प्रमुख ठाणे होते. वाडी या साऱ्याच्या मध्यभागी होती. परंतु तिच्यावर खरा आघात आला तो स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या आरंभी महात्माजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली, तिची झळ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासही लागली. जमावाने मालकांची जात पाहिली. वाडीने अडतीस वर्षे कोणाची पाहिली नव्हती. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्याने रोपटे लावले त्यानेच त्यावर आगीची धग आलेली पाहावी, याहून कठोर प्रसंग म्हातारपणी कोणता येणार? तरीही वाडी विझली नाही. कारखाना पुन्हा सुरू झाला आणि शेजारच्या गावांतील माणसे पूर्वीप्रमाणेच कामावर येऊ लागली.

त्याच साली औंध संस्थान विलीन होऊन सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९४९ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग पडून किर्लोस्करवाडी दक्षिण साताऱ्यात गेली, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. वाडी जागची हलली नाही, पण तिचा पत्ता एका तपात तीनदा बदलला. आज ती पलूस तालुक्यात मोडते.

बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ मध्ये निवर्तले. लक्ष्मणरावांचे देहावसान २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यास झाले. त्यापूर्वीच उद्योगाच्या शाखा हरिहर, बंगळूर व पुणे येथे पसरल्या होत्या. शंतनुरावांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्रास कॅक्टस अँड रोझेस असे नाव दिले. त्यातील कॅक्टस म्हणजे कुंडलच्या माळावरचा निवडुंग होय, हे वेगळे सांगावयास नको. २० जून १९६९ रोजी लक्ष्मणरावांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकाचे नाव त्यापूर्वीच मागे पडले होते. पुण्याहून मिरजेस जाणारी गाडी आजही त्या माळापाशी थांबते, आणि फलाटावरील पाटीवर किर्लोस्करवाडी असे नाव आहे.